हवामानाखालचा पेशंट

इंग्रज माणूस आजारी पडला की तो हवामानाच्या खाली जातो. 'अंडर द वेदर' म्हणतात त्याला. तोच माणूस बरा झाला की 'राइट ॲज रेन' होतो, म्हणजे पावसासारखा ठणठणीत. हवामानाने झोपवलेला माणूस पावसासारखा कसा काय उठतो, असं रायपूरच्या पोरापोरींनी मला जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा मी एकच उत्तर दिलं, "त्यांचं त्यांना माहीत. आपल्याला पेपरात एक मार्क मिळतो." या उत्तरावर माझं घर चाललं आणि दोन्ही पोरं शिकली. त्यामुळे इंग्रजांविषयी माझी वैयक्तिक तक्रार काही नाही.

माझे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत फिटर म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी इथेच वाढले, इथेच इंग्रजी शिकले आणि समता कॉलनीत एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर स्पोकन इंग्लिशचा क्लास काढला. खालून ड्रिलचा आवाज यायचा, मधूनच कोणीतरी कळवळायचं. नवे पालक जिना चढताना ते ऐकून थबकत. त्यांना वाटे, वर बाई इंग्रजी शिकवण्यासाठी असंच काहीतरी करत असणार. आता गुडघ्यांनी जिन्याला नकार दिल्यामुळे क्लास बंद केला आहे, पण बाजारात अजूनही कोणीतरी "मेश्राम मॅडम" म्हणून हाक मारतं आणि भाजीवाल्यासमोर उगीचच इंग्रजी बोलतं.

व्याकरण गल्लीबोळात कोणीही शिकवतं. माझी ख्याती वाक्प्रचारांची. म्हणजे असं बोलणं, ज्यात शब्दाचा अर्थ लावत गेलं की माणूस भलतीकडेच पोचतो. आपणही काही कमी नाही. आपण एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो आणि ते झाड गुडघ्याएवढं असतं हे कोणी विचारत नाही. पण आपलं आपल्याला खटकत नाही, दुसऱ्याचं खटकतं. 'आउट ऑफ द वुड्स' म्हणजे धोका टळला, जंगलातून बाहेर पडला, असं मी सांगत होते तेव्हा बस्तरकडची एक मुलगी उठून म्हणाली, "मैडम, हमारा तो घर ही जंगल में है."

अर्थ आधी सांगायचा नाही, अशी माझी पद्धत. आधी प्रसंग, मग चेहरा, मग शब्द. 'कोल्ड फीट' शिकवताना मी लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा नवरदेव व्हायची, ज्याला अचानक पुढचं शिक्षण आठवतं. ऐन वेळी कच खाणं हे पोरांना न सांगता कळायचं. 'बाइट द बुलेट' म्हणजे नको असलेली गोष्ट दात-ओठ खाऊन करणं. त्यासाठी मी डोळे मिटून कडू काढा प्यायची आणि नेमका तेव्हाच खालून कोणीतरी ओरडायचं. एवढा परिणाम नाटकवाल्यांनाही साधत नाही.

दुसरा नियम मी पहिल्याच दिवशी सांगायची. ऐकून समजायला हे सगळे हवेत, स्वतः बोलायला दोन-तीन पुरे. हा नियम कोणीही, कधीही पाळला नाही. फी भरलेला माणूस शिकलेलं सगळं अंगावर घालूनच बाहेर पडतो.

तेलीबांध्याकडे फ्लॅट बांधणारा एक बिल्डर माझ्याकडे यायचा. दिल्लीची मंडळी पार्टीत काहीतरी बोलून हसतात आणि आपल्याला नुसतं त्यांच्याबरोबर हसावं लागतं, हे त्याचं दुःख. त्याला 'कॉस्ट्स ॲन आर्म अँड अ लेग' फार आवडलं. म्हणजे इतकं महाग की हात-पाय विकावे लागतील. पंधरवड्यात तेलीबांध्याच्या रस्त्यावर त्याचं होर्डिंग लागलं. 'फ्लॅट्स दॅट कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग'. शेजारीच हाडांच्या डॉक्टरांचा बोर्ड. मी ऑटोतून जाताना वाचलं आणि घरी येऊन त्याला फोन लावला.

"भैया, ये तो लोग शिकायत में बोलते हैं."

"दीदी, मतलब तो महंगा ही हुआ ना?"

"हव, पण..."

"तो महंगा ही बेच रहा हूं. सस्ता लिखूंगा तो इधर कोई गाड़ी से भी नहीं उतरेगा."

त्याचे फ्लॅट खपले. मला मिठाईचा डबा आला. त्यानंतर मी त्याला सुधारायचं सोडून दिलं, कारण अर्थ त्याला माझ्यापेक्षा जास्त कळला होता.

अभनपूरहून धानाचा एक व्यापारी बसने यायचा. तो प्रत्येक वाक्प्रचारानंतर हात वर करून विचारायचा, "ये कोई सच में बोलता है क्या, मैडम?" खरं सांगायचं तर निम्मे वाक्प्रचार फक्त परीक्षेचे पेपर बोलतात. धो धो पावसात मांजरं आणि कुत्री पडतात, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं, पण एकाही जिवंत इंग्रजाच्या तोंडून ऐकलं नाही. तसे जिवंत इंग्रज मी पाहिलेच किती म्हणा.

हे सगळं मजेत चाललं होतं, कारण त्यात कोणाचं काही जात नव्हतं. ज्योत्स्ना गजभिये आली तेव्हा पहिल्यांदा कोणाचं तरी काही जाणार होतं.

ज्योत्स्ना एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. नवऱ्यापासून वेगळी झालेली, आई आणि आठ वर्षांच्या मुलीबरोबर रेल्वे कॉलनीजवळ राहणारी. तिला इंग्लंडमधल्या एका दवाखान्याने नोकरी देऊ केली होती, पण एका अटीवर. नर्सांसाठी इंग्रजीची एक परीक्षा असते, ती पास व्हायची. त्यात बोलण्याचा भाग असा की परीक्षक पेशंट बनतो आणि नर्सने त्याच्याशी बोलायचं. ज्योत्स्ना दोनदा नापास झाली होती. दवाखाना आणखी एकदाच थांबायला तयार होता. पास झाली तर आधी एकटीने जायचं आणि तिकडे बस्तान बसल्यावर मुलीला न्यायचं. मुलीला, म्हणजे पिहूला, यातलं काही सांगितलं नव्हतं. आई ट्रेनिंगला जाते, एवढंच तिला ठाऊक होतं.

"मॅडम, तिकडचे पेशंट सरळ बोलतच नाही म्हणते," ज्योत्स्ना म्हणाली. "दुखते असं म्हणत नाही. भलतंच बोलतात."

ते खरं होतं. मी तिच्यासाठी आजारपणाचा खास धडा तयार केला. घसा बसला की त्यांच्या घशात बेडूक असतो. तब्येत उत्तम असली की ते सारंगीसारखे फिट असतात, 'फिट ॲज अ फिडल'. सहनशक्ती संपली की ते दाव्याच्या टोकाला पोचतात, 'ॲट द एंड ऑफ माय टेदर', दाव्याला बांधलेलं जनावर चरत चरत जिथवर जाऊ शकतं तिथवर. हे शेवटचं ज्योत्स्नाला सांगावंच लागलं नाही. ती ऐकून म्हणाली, "हे समजलं," आणि पाणी प्यायला उठली. महिनाभरात तिला सगळे वाक्प्रचार पाठ झाले. मग ही नापास कशात होते, ते मला कळेना.

तिची आई कमलाबाई रोज तिच्याबरोबर यायच्या. जय भीम करून मागच्या बाकावर बसायच्या आणि क्लास सुटेपर्यंत हलायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "कमलाबाई, तुम्ही काहून त्रास घेता?" तर म्हणाल्या, "एकटी कशी येईन ते?" ज्योत्स्ना दवाखान्यात रात्रपाळी एकटीने सांभाळायची, पण इंग्रजीला सोबत हवी.

एके दिवशी मी परीक्षेची तालीम घेतली. शाल पांघरून मी मिसेस पार्कर नावाची इंग्रज पेशंट झाले. "नर्स, आय ॲम ऑन माय लास्ट लेग्ज," मी कण्हत म्हटलं, म्हणजे आता काही खरं नाही. ज्योत्स्नाला बरोबर कळलं. तिने नाडी पाहिली, गोड बोलली, झोप लागते का विचारलं. आता तिच्याकडे अवघड काम होतं. मिसेस पार्करच्या किडन्या निकामी होत आल्या आहेत आणि डायलिसिस सुरू करावं लागणार, हे तिने मला सांगायचं होतं.

ज्योत्स्ना उठली. माझ्याकडे पाहून गोड हसली. मग सरळ मागच्या बाकाकडे गेली, कमलाबाईंजवळ वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आर यू विथ द पेशंट?"

"हव," कमलाबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत तेवढं इंग्रजी त्यांना समजायला लागलं होतं.

ज्योत्स्नाने त्यांना सगळं व्यवस्थित सांगितलं. किडनी, मशीन, आठवड्यातून किती वेळा. कमलाबाईंनी मान डोलावली आणि मराठीत विचारलं, "मग जेवणात काय द्यायचं तिले? भात चालते?"

मी शाल पांघरून वर्गाच्या मधोमध बसले होते. माझ्या भाताचा निर्णय होत होता आणि मला कोणी विचारत नव्हतं.

"अगं, मी इथं बसून राहिली ना!" मी ओरडले.

ज्योत्स्ना चकित होऊन वळली. "मॅडम, तुम्ही तर पेशंट आहा."

ती कुठे नापास होत होती ते त्या वाक्यात कळलं. परीक्षेतही ती तेच करत आली होती. सांगायची वेळ आली की तिची नजर खोलीभर नातेवाईक शोधायची, आणि कोणी दिसलं नाही की ती म्हणायची, "डोन्ट वरी, एव्हरीथिंग विल बी फाइन. हू हॅज कम विथ यू?"

यात तिचा काय दोष? आपल्याकडे पेशंट एकटा येतच नाही. एकाला ताप आला की पाच जण दवाखान्यात असतात. डॉक्टर कागद बघतात, चष्मा काढतात आणि विचारतात, "साथ में कौन है?" मग तो साथवाला बाहेर जातो, ऐकतो, तोंड धुऊन आत येतो आणि म्हणतो, काही नाही, कमजोरी आहे. सगळ्यांना कळतं, शेजाऱ्यांना कळतं, एका पेशंटला तेवढं सांगायचं राहतं. माझे वडील कॅन्सरने गेले, पण त्यांच्यापुरते ते गॅसने गेले. शेवटपर्यंत आम्ही त्यांना ओवा देत होतो. मला त्याचं आजही वाईट वाटतं, आणि आजही वाटतं की आम्ही दुसरं काय केलं असतं.

"मॅडम, तोंडावर कसं सांगू?" ज्योत्स्नाने विचारलं. "पेशंटचा धीर सुटते. सांगणाराच त्याले मारते, असं वाटते."

"तिकडे तोंडावरच सांगतात."

"मग त्याले धरायले कोण राहते?"

इंग्रज स्वतःही काही फार सरळ बोलतो असं नाही. मेलेल्याला तो मेला म्हणत नाही, पुढे सरकला म्हणतो. तो शब्दाआड लपतो, आपण नातेवाइकाआड. पण नोकरी त्यांची, परीक्षा त्यांची, तेव्हा लपण्याची जागाही त्यांचीच घ्यावी लागणार होती. मी तिला एवढंच म्हटलं, "कोणी नसते. तूच असते."

दुसऱ्या दिवसापासून मी कमलाबाईंना खाली दवाखान्यात बसवलं. त्यांचं तिथे छान जमलं. दाढ काढायला आलेल्यांच्या सोबतच्या माणसांना त्या धीर द्यायच्या आणि दाढवाल्याला काही सांगू नका म्हणायच्या. वर मी भिंतीला खुर्ची टेकवून बसायची, म्हणजे ज्योत्स्नाला माझ्यामागे पाहायला काही उरणार नाही. रोज मला काहीतरी भयंकर व्हायचं. कधी हृदय, कधी फुप्फुस, एकदा तर दोन्ही. पहिल्यांदा मला तोंडावर डायलिसिस सांगताना ती रडली आणि मिसेस पार्करने नर्सचे डोळे पुसले. याला परीक्षेत मार्क नव्हते. पण हळूहळू तिचा आवाज स्थिर झाला. एक दिवस तिने मला सांगितलं की माझा आजार बरा होणारा नाही, आणि घरी जाऊन मी खरोखरच जेवले नाही.

परीक्षेचं केंद्र परगावी होतं. ज्योत्स्ना परत आली ती थेट माझ्याकडे.

"म्हातारी बाई होती," ती म्हणाली. "म्हणजे बनली होती. एकटी राहते म्हणे. मले म्हणे, 'डोन्ट बीट अबाउट द बुश, नर्स.'"

म्हणजे आडवळणं घेऊ नकोस, सरळ सांग. "मग?"

"मग काय. एकदा नजर गेलीच बाजूले. तिथं एसी होता. मग मी खुर्ची जवळ ओढली अन सांगितलं. सगळं. थांबून थांबून."

"काय म्हणाली ते?"

"थँक्यू म्हणे. परीक्षेतलं होतं का खरं होतं, समजलं नाही मले."

निकाल लागला तेव्हा सकाळी तिचा फोन आला. पास झाल्याचं एका श्वासात सांगून तिने लगेच आवाज उतरवला. "मॅडम, घरी येता का? आईले तुम्ही सांगा ना. पिहू लहान आहे, वर्षभर तरी आईपाशी ठेवा लागते. मह्यानं होत नाही."

मी गेले. कमलाबाई ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होत्या. मला चहा आला. ज्योत्स्ना दाराशी उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती. मीही इथलीच. मी कप खाली ठेवला, चेहरा गंभीर केला आणि सुरुवात केली, "कमलाबाई, ते असं आहे..." आणि तिथेच थांबले. इतके दिवस जिला मी मागच्या बाकावरून हाकललं, तिच्याच जागेवर मी येऊन बसले होते.

"ज्योत्स्ना," मी म्हटलं, "पेशंट समोर बसला आहे. मी कोण आहो इथं?"

तिने दार सोडलं. मग येऊन आईसमोर जमिनीवर बसली.

"आई, मी पास झाली. पुढच्या महिन्यात जा लागते. पिहूले तुह्याजवळ ठेवा लागते."

कमलाबाईंनी खडा उचलून बाजूला टाकला. "किती दिवस?"

"वर्षभर. जास्तही लागन."

"बरं." त्यांनी आणखी एक खडा टाकला, पण तो खडा नव्हता, डाळीचा दाणा होता. "अन पोट्टीले? तिले कोण सांगन?"

"तू सांग ना. तुह्यं ऐकते ते."

"मी नाही सांगत," कमलाबाई म्हणाल्या. "तूच सांग. मी बाहेर बसतो."

थोड्या वेळाने शाळेचा ऑटो आला. पिहू दप्तर ओढत आत गेली. कमलाबाई सूप बाजूला ठेवून खरोखरच उठल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले. आतून ज्योत्स्नाचा आवाज येत होता. काय बोलते ते कळत नव्हतं, पण ती थांबून थांबून बोलत होती. मग सगळं शांत झालं. कमलाबाई उठून उभ्या राहिल्या. मी त्यांचा पदर धरून ठेवला.

पिहूला मराठी समजतं, उत्तर मात्र ती हिंदीतच देते. "मुझे पता था," ती आतून म्हणाली. "आप लोग मुझे देखते ही चुप हो जाते थे ना."

"हव," ज्योत्स्ना म्हणाली.

"मैं कब आऊंगी?" पिहूने विचारलं.

कमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. लवकरच, असं म्हणायला त्यांचे ओठ हलले होते.

"तुले कधी नेईन ते मले आज माहीत नाही, बेटा," आत ज्योत्स्ना म्हणाली. "माहीत झालं की पहिले तुलेच सांगीन."

कमलाबाई पुन्हा पायरीवर बसल्या.